सहलीचे पैसे डब्यात राहत नाहीत

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की घरच्या सहलीसाठी कुणी छोटा जोडधंदा करतंय का, अडचण काय येते ते लिहून पाठवा. पत्रं, व्हॉट्सॲप, सगळं मिळून एवढं आलं की वाचताना दोन दुपारी गेल्या. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पाच निवडलेत. पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण त्यातली अडचण निम्म्या पत्रांमध्ये होती.

प्रश्न : ताई नमस्कार. मी नाशिकरोडला राहते. घरात मी, मिस्टर, १३ आणि ९ वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. यंदाच्या दिवाळीत पहिल्यांदाच फराळाच्या ऑर्डरी घेतल्या, चकली, शेव, बेसनलाडू सगळं केलं, महिनाभर रात्री बारा-एक वाजेपर्यंत कढईसमोर होते. १९ हजारांच्या वर पैसे आले. मुलांना केरळ दाखवायचं म्हणून हे सगळं केलं होतं. पण भाऊबीज झाली तेव्हा डब्यात तीन हजार होते, बाकीचे कुठे गेले मलाच कळलं नाही. येत्या डिसेंबरात तरी जायचंच आहे. काय करू? फराळच करू की दुसरं काही? आणि लायसन लागतं का?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला माझं सांगलीतलं घर आठवलं. मी साड्यांना फॉल-पिको करायचे, साडीमागे ७० रुपये, आणि ते पैसे बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे, सहलीसाठी. वर्षभर ठेवले. सिलिंडर आला की डब्यातून, शेजारच्या मुंजीचा आहेर डब्यातून, मिक्सरचं भांडं फुटलं तेही डब्यातूनच, आणि प्रत्येक वेळी मनात एकच की नंतर टाकू परत. ते नंतर काही आलं नाही. त्या वर्षी आम्ही कुठेही गेलो नाही आणि मी खूप रडले होते, खरंच सांगते, कारण पाठ माझी दुखली होती आणि दाखवायला काहीच नव्हतं. म्हणून तुमचे १६ हजार कुठे गेले ते मला नीट माहितीये. घरातच गेलेत ते. तेल, डाळी, बेसन, तूप तुम्ही किराण्याच्या नेहमीच्या यादीत आणलं असणार आणि आलेले पैसे परत किराण्यालाच दिले असणार. तुम्ही उधळले नाहीत, आधी हे मनातून काढा.

दुसऱ्या वर्षी मी एवढंच केलं की पोस्टात वेगळं बचत खातं उघडलं, ५०० रुपयांत उघडतं, आणि त्याचं पासबुक देवघराच्या खणात ठेवलं. तुम्ही आता याच्याही पुढे जाऊ शकता. एखाद्या बँकेत वेगळं खातं काढा आणि ऑर्डरीचा क्यूआर कोड त्याच खात्याला जोडा, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे तुमच्या हातात येतच नाहीत, थेट तिकडे जातात. सामानही त्याच खात्यातून आणायचं, वेगळ्या पिशवीत, वेगळ्या बिलावर. घरच्या साखरेच्या डब्यातली वाटीभर साखर लाडवात गेली तर लिहून ठेवायची, कटकट वाटते पण महिनाभरच, मग सवय होते.

आता काय विकायचं ते. तुमच्या चकलीचा हिशोब मांडून बघते, तुमच्याकडचे भाव थोडे इकडे तिकडे असतील. एक किलो चकलीला भाजणीचं सामान साधारण ६० रुपये, तेल शोषलं जातं आणि शेवटी थोडं टाकावं लागतं ते धरून ६५, गॅस १५, दळण १०, पिशवी-डबा-लेबल १५, म्हणजे १६५ ते १७०. तुम्ही ४०० ने विकली तर किलोमागे २३० सुटतात. छान वाटतं. पण एक किलो चकली पाडून तळून गार करून भरायला सव्वा तास तरी जातो, म्हणजे तासाला १८० च्या आसपास, त्यात तुटलेली चकली घरच्यांच्या पोटात.

आता त्याच चकलीची नुसती भाजणी विकली तर? तांदूळ, हरभरा डाळ, मूग, उडीद, पोहे, धणे, जिरे मिळून किलोला ९५ धरा, भाजायचा गॅस आणि दळण २०, पिशवी ८ ते १०, म्हणजे १२५. विकायची २२० ने. सुटले ९५. कमी वाटतं ना, पण एका बैठकीत अडीच तासांत पाच किलो भाजून होते, म्हणजे तासाला १९०. पैसे जवळजवळ सारखेच! फरक कुठे आहे तर भाजणी तुटत नाही, दोन महिने टिकते, कुरिअरने पुण्या-मुंबईला जाते आणि दिवाळीची वाट बघत बसायला लागत नाही, कारण चकलीच्या भाजणीबरोबर थालीपिठाचीही केली तर ती लोकांना बाराही महिने लागते, नोकरी करणाऱ्या घरांत तर जास्तच. आणि उकळत्या तेलासमोर रात्री एक वाजता दमलेलं माणूस उभं नसतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फराळ सोडा असं मी म्हणत नाहीये, दिवाळीत चार ठरलेल्या घरांची चकली करा. पण वर्षभराचा भार भाजणीवर टाका. शेव आणि लाडू मात्र बंद करा, एवढ्या प्रकारांमागे एकटी बाई पुरत नाही.

आता जरा मन घट्ट करून पुढचं वाचा. पाच जणांच्या केरळचा खर्च बघू. नाशिकरोडहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस थेट एर्नाकुलमला जाते, मध्ये गाडी बदलायला नको, सासूबाईंना ते बरं पडेल. थ्री एसीचे माणशी दोन हजार धरून चला, जाऊन येऊन पाच जणांचे २० हजार. मुलांपैकी ९ वर्षांच्याला बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट पडतं, पाच ते बाराच्या आतल्या मुलांना अर्धं तिकीट बर्थ न घेतल्यासच मिळतं, आणि सासूबाईंना ज्येष्ठांची सवलत मिळेल असं धरू नका, रेल्वेने ती मार्च २०२० पासून बंद केलीय. पाच रात्री दोन खोल्या, १८ हजार. जेवणखाण १७ हजार. मुन्नारला आणि तिथं फिरायला गाडी, १२ हजार. तिकिटं, बोटी, किरकोळ पाच हजार. आजारपण, उशीर, अचानक काही, त्याला आठ हजार. झाले ८० हजार. किलोला ९५ ने ८० हजार जमवायचे तर साडेआठशे किलो भाजणी भाजावी लागेल! हे तुमच्या एकटीच्या हातावर टाकणं अन्यायाचं आहे, आणि मला वाटतं बऱ्याच घरांत नेमकं इथेच मोडतं, बाई सगळी सहल आपल्या डोक्यावर घेते आणि ऑगस्टपर्यंत थकून सोडून देते.

म्हणून अख्खं केरळ भाजणीवर टाकू नका, केरळचा एक तुकडा भाजणीच्या नावावर करा. माझ्या मते रेल्वेची तिकिटं. २० हजार. त्याला २१० किलो लागते, आठवड्याला पाच किलो केली तर ४२ आठवडे, म्हणजे आत्ता जानेवारीत सुरू केलं तर ऑक्टोबरअखेर होतंच. आठवड्यातली एक दुपार, बस. बाकीचे ६० हजार मिस्टरांचा पगार, बोनस आणि इतर बचत यातून कसे यायचे ते दोघांनी बसून आत्ताच ठरवा, आणि तिथे ६० जमणार नसतील तर सहल लहान करा, मुन्नारऐवजी एर्नाकुलम, फोर्ट कोची आणि अलेप्पी एवढंच, गाडीचे १२ हजार आणि दोन रात्री वाचतात. अलेप्पीला हाऊसबोटीवर रात्रभर राहण्यापेक्षा सरकारी जलवाहतुकीची बोट घ्या, अलेप्पी ते कोट्टायम, अडीच तासांच्या आसपास लागतात, तिकीट अगदी थोडं आणि तेच बॅकवॉटर, तेच नारळ, शिवाय शाळेतून घरी जाणारी तिथली मुलं बोटीत शेजारी बसतात. कोचीत वॉटर मेट्रोपण, म्हणजे मेट्रोसारखी चालणारी बोट, आहे २०२३ पासून, मुलांना ती फार आवडेल.

तिकिटांचंच नाव का घेतलं तेही सांगते. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. म्हणजे २५ डिसेंबरचं तिकीट २६ ऑक्टोबरला सकाळी आठला उघडणार आणि नाताळच्या गर्दीत ते लगेच जाणार. दिवाळी नोव्हेंबरात आली तर फराळाचे पैसे तेव्हा हातात आलेलेच नसतात! भाजणीचे मात्र ऑक्टोबरपर्यंत खात्यात पडलेले असतील. परतीचं तिकीट आठवड्याने उघडेल, त्याची तारीखही आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

लायसनबद्दल. घरगुती खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं, रजिस्ट्रेशन लागतं, छोट्या धंद्याला साधं रजिस्ट्रेशन चालतं, त्यांच्या फॉसकॉस नावाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येतं. मी एका मैत्रिणीचं भरून दिलं होतं तेव्हा फी वर्षाला १०० रुपये होती, आत्ताची तिथे बघून घ्या. आणि एजंट हजार-दोन हजार मागतात त्यांच्या नादी लागू नका, आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा एवढ्यावर होऊन जातं. १४ आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापा, शिवाय भाजणीत काय काय आहे आणि कधी भरली तेही, कारण थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो आणि काहींना तो चालत नाही.

आणि एक राहिलंच. मुलांना कामात घ्या. आमच्याकडे ५० रुपयांच्या निळ्या नोटेमुळे गंमत झाली होती. नवीन नोट आली तेव्हा मोठा म्हणाला, आई यावर हा दगडाचा रथ कुठला गं? हंपीचा. मग आमची सहल हंपीच ठरली, आणि मुलांनी ठरवलं की घरात येणारी प्रत्येक ५० ची नोट माझ्या खात्यात भरायची, साड्या पोचवायला पण तेच सायकलवर जायचे. सासूबाईंना मी सांगितलं की संत भानुदासांनी विठ्ठलाची मूर्ती हंपीहूनच पंढरपूरला परत आणली अशी कथा आहे, ते ऐकल्यावर त्या तर रोज विचारायला लागल्या की किती जमले. जानेवारी २०१९ मध्ये आम्ही मिरजेहून हरिप्रिया एक्सप्रेसने हंपीजवळच्या होस्पेटला गेलो. त्या विठ्ठल मंदिरासमोर रथाशी उभ्या राहून सासूबाईंनी पर्समधली नोट काढून ताडून बघितली. तुमच्या सासूबाईंना डाळी निवडायला बसवा, मुलाला लेबलं चिकटवू दे, मुलीला वही लिहू दे, आणि मिस्टरांनी गिरणीत डबा न्यायचा-आणायचा. सहल पाच जणांची आहे.

प्रश्न : मी पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो, वय २९. आईबाबा यवतमाळजवळच्या गावात, शेती आहे, बाबा ७६, आई ६८. दोघांनी अजून समुद्र बघितलेला नाही. शनिवार-रविवार संध्याकाळी मी बाइकवर फूड डिलिव्हरी करतो, पाच तासांत ७५० मिळतात. महिन्याला सहा हजार, चार महिन्यांत २४ हजार, मग कोकणात नेईन म्हणतो. हिशोब बरोबर आहे का?

उत्तर : दादा, तुमची इच्छा वाचून डोळ्यात पाणी आलं. हिशोबात मात्र पेट्रोल दिसत नाहीये. पाच तासांत ६० किलोमीटर तरी होत असतील, बाइक ४५ देत असली तर सव्वा लिटरच्या वर पेट्रोल, म्हणजे १४० रुपये. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगचे किलोमीटरला एक रुपया बाजूला काढा, ६०. चहा-वडापाव ४०. राहिले ५१०. महिन्याला आठ फेऱ्या धरल्या तर चार हजारांच्या आसपास, आणि २४ हजारांना सहा महिने लागतात. पावसाळा मध्ये आला तर मला वाटतं त्या महिन्यांत तुम्ही गाडी काढूच नये. पाच दिवस नोकरी करून सहाव्या दिवशी रात्री ओल्या रस्त्यावर मिनिटांवर बघत गाडी चालवायची, हे मला आईच्या नजरेने बघवत नाही. दोन गोष्टी नक्की विचारून घ्या, बाइकचा विमा खासगी वापराचा असेल तर डिलिव्हरी करताना तो चालतो का हे विमा कंपनीला, आणि दुसरं काम करायला तुमच्या नोकरीच्या करारात मनाई आहे का हे करारातच.

पण आधी खर्चच कमी होतो का बघू. तुमचे बाबा ७५ च्या वर आहेत, त्यांना एसटी फुकट आहे, ऑगस्ट २०२२ पासून. आईंना अर्धं तिकीट, महिला म्हणून, ही सवलत १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना आहे. आधार कार्ड जवळ ठेवायचं एवढंच. म्हणजे यवतमाळहून पुणे आणि पुण्याहून मालवण, एवढ्या लांबच्या प्रवासाचे दोघांचे पैसे फार होत नाहीत, फक्त एका दमात आणू नका, पुण्यात तुमच्याकडे चार दिवस राहू दे आणि मग पुढे. तुमचं २४ हजारांचं काम १५-१६ मध्ये होईल असा माझा अंदाज आहे, तीन रात्री घरगुती राहण्या-जेवणाची सोय केली तर. म्हणजे चार महिने पुरतात.

मालवणच निवडा असं मी म्हणेन. किनाऱ्यावर बसून लाटा बघण्यासारखी दुसरी गोष्ट नाही, पण शेतकरी माणसाला सिंधुदुर्ग किल्ल्यात आणखी एक बघायला मिळतं. महाराजांनी १६६४ मध्ये त्या खडकावर बांधकाम सुरू केलं, चारही बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. ज्या माणसाचा जन्म विहिरीच्या पाण्याची वाट बघण्यात गेला त्याला तिथे नेऊन उभं करा. होडीतून जावं लागतं आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून ऑक्टोबर ते मे मध्येच. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरं, ऊन कमी.

आणि एक सुचवू का? बाबांना यात नुसतं पाहुणं करू नका. घरची तूर असेलच. गावाकडच्या मिलमधून डाळ करून ५० किलो पुण्यात पाठवायला सांगा, तुमच्या ऑफिसात आणि सोसायटीत खपेल. क्विंटलभर तुरीची ७० किलोच्या आसपास डाळ पडते, भरडाई, वाहतूक जाऊन फार नाही सुटणार, दीड-दोन हजार, पण समुद्राचं तिकीट आपल्या तुरीने काढलं हे बाबा गावात चार जणांना सांगतील.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलांना दिल्ली-आग्रा दाखवायचंय. संध्याकाळी घरी १५ मुलांची शिकवणी घेतली, प्रत्येकी ५००, तर महिना साडेसात हजार होतात. गावात दुसरे घेतात. घेऊ का?

उत्तर : नको सर. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २८, त्यात सरळ लिहिलंय की शिक्षकाने खासगी शिकवणी करायची नाही. दुसरे घेतात म्हणून ते बरोबर होत नाही, आणि कुणी तक्रार केली तर सहलीपेक्षा कितीतरी महाग पडेल. मला कायद्यापेक्षाही दुसरं खटकतं. त्या १५ मध्ये तुमच्याच वर्गातली मुलं असणार, ज्यांच्याकडे ५०० नाहीत ती दुपारच्या वर्गात तुमच्याकडे कशी बघतील?

दुसरं कुठलंही काम पगाराव्यतिरिक्त करायचं तरी सेवेचे वर्तणूक नियम आहेत, आधी लेखी परवानगी. तुमच्या मिसेस शिवणकाम करतात असं तुम्ही लिहिलंय, तर ते काम त्यांचं, खातं त्यांचं, आणि घरातलं संध्याकाळचं काम तुम्ही घ्या म्हणजे त्यांना मशीनवर दोन तास मिळतील. माझ्या मते हाच तुमचा जोडधंदा. आग्र्याचं ठरवताना वार बघा, ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. १५ वर्षांच्या आतल्या मुलांना तिथे तिकीट नाही, त्यामुळे धाकटा पंधराचा व्हायच्या आत जाऊन या.

प्रश्न : मी इचलकरंजीची. घरी ब्लाउजना हुक-काज करते, महिन्याला दोन-अडीच हजार मिळतात. आमची १२ जणींची भिशी आहे, महिना दोन हजार. मिस्टर म्हणतात पहिलाच नंबर मागून घे, २४ हजार एकदम येतील, तिरुपतीला जाऊन येऊ, मग वर्षभर भरत राहू. मला धाकधूक वाटते.

उत्तर : तुमची धाकधूक बरोबर आहे. पहिला नंबर म्हणजे बचत नाही, ते मैत्रिणींचं उसनं आहे, व्याज नसलं तरी उसनंच. आणि हुक-काजाचं काम बाराही महिने सारखं कुठे असतं? तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, मग पौषात जरा थंड, मग मेपर्यंत मान वर करायला वेळ नाही, आणि आषाढी झाली की चातुर्मासात लग्नं नाहीत, तेव्हा ब्लाउज येतात कुठून? सणांचे थोडे येतील तेवढेच. त्या चार महिन्यांत दोन हजार कुठून भरणार? सहल होऊन गेलेली असताना हप्ता भरणं जिवावर येतं, मी स्वतः बघितलंय, जवळच्या मैत्रिणी या कारणाने बोलेनाशा झाल्या.

आठवा-नववा नंबर मागा. तोपर्यंत बहुतेक भरून झालेलं असतं आणि तुमच्या मनावर ओझं नसतं. लग्नसराईच्या महिन्यात जास्त कमाई होते ना, तेव्हा पुढच्या दोन हप्त्यांचे चार हजार वेगळे काढून ठेवा. आणि भिशीला कागद नसतो म्हणून एक वही ठेवा, दर महिन्याला बाराही जणींची सही, कुणाला राग येत असेल तर येऊ दे.

तिरुपतीचं म्हणाल तर कोल्हापूरहून हरिप्रिया आहेच, वर सांगितलेली तीच गाडी, तिरुपतीपर्यंत जाते. ३०० रुपयांचं दर्शनाचं तिकीट देवस्थानाच्या वेबसाइटवर साधारण तीन महिने आधी सुटतं आणि पटकन संपतं, ते मिळालं की मग ६० दिवस आधी रेल्वेचं काढायचं. दर्शनाचं आधी, गाडीचं नंतर. तुमचा आठवा नंबर कुठल्या महिन्यात येतो ते मोजा आणि त्याच्या पुढच्या महिन्यातलं दर्शन धरा. तिकिटं काढायला लागणारे थोडे पैसे मात्र लग्नसराईतून आधीच बाजूला हवेत.

प्रश्न : ताई, आम्ही गावठी कोंबड्या पाळल्या होत्या, अंड्यांच्या पैशातून गेल्या महिन्यात वेरूळ-अजिंठा करून आलो, चौघं. तुम्ही मागे लिहिलं होतं की अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, त्यामुळे वार बघून गेलो, नाहीतर पंचाईत होती. आता सहलीच्या खात्यात १,७४० रुपये उरलेत. मिस्टर म्हणतात लाइट बिलाला घाल. घालू?

उत्तर : लाइट बिल घरखर्चातून जाऊ दे, ते पैसे लाइट बिलाचे नाहीत. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की रोज सकाळी शाळेच्या आधी खुराडं साफ करायचं काम तुमच्या १२ वर्षांच्या मुलीने वर्षभर केलं, एक दिवसही चुकवला नाही. मग तिला विचारा की. खुराड्याची जाळी मुंगसाने कुरतडलीय असंही लिहिलंय, तर पाऊस यायच्या आधी जाळीला त्यातले हजार-बाराशे लागतील असं मला वाटतं, बाकीचे तिच्या नावाने त्याच खात्यात राहू देत, खातं बंद करू नका. वेरूळच्या कैलास लेण्यात ती वर बघत किती वेळ उभी होती ते तुम्ही लिहिलंय, ते मी माझ्या मुलांना वाचून दाखवलं. तिला पुढे कुठे जायचंय ते तिच्याच अक्षरात लिहून पाठवा.